‘आउट ऑफ मेमरी’, पण कोणाची? मोठं टेक्स्चर लोड करताना येणाऱ्या एररचा माग कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी प्लस प्लस आणि ओपनजीएलमध्ये (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या फंक्शनांचा संच) लिहिलेला, नकाशे दाखवणारा प्रोग्रॅम. १०२४ किंवा २०४८ पिक्सेलची चित्रं व्यवस्थित दिसतात. सेंटिनेल-२ उपग्रहाचं खऱ्या रंगातलं पूर्ण चित्र ओपनजेपेगने (जेपेग-२००० फाइल वाचणारी लायब्ररी) उलगडून चढवायला गेलं की कधी १२८५ नंबरची एरर येते, कधी ड्रायव्हरच्या डीएलएलमध्ये प्रोग्रॅम कोसळतो, तर कधी काहीच तक्रार न होता काळा चौकोन दिसतो. फाइल शे-सव्वाशे एमबीची, कार्डावर मेमरी ४ जीबी. मग मेमरी संपते कशी? आणि पुढे सगळा महाराष्ट्र एकत्र दाखवायचा आहे, ते जमेल का?

कार्डाची मेमरी बहुधा संपलेलीच नाही. ‘आउट ऑफ मेमरी’ हे वाक्य चार वेगवेगळ्या दारांवरचे पहारेकरी सारख्याच शब्दांत म्हणतात: फाइल वाचणारी लायब्ररी, तुमच्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रॅमचा) मेमरी-पत्त्यांचा पट्टा, ड्रायव्हर, आणि सगळ्यात शेवटी कार्ड. कोणत्या दारावर अडलं ते ठरवल्याशिवाय कोडला हात लावू नका. कार्ड बदलून प्रश्न सुटेल हा अंदाज तर आधी डोक्यातून काढा.

(खाली एमबी म्हणजे १०२४ × १०२४ बाइट. टेक्स्चर म्हणजे कार्डावर चढवलेलं चित्र. ओपनजीएलच्या फंक्शनांच्या नावातला सुरुवातीचा ‘जीएल’ गाळला आहे.)

आधी कागदावर हिशेब

सेंटिनेल-२ ची एक टाइल १०९.८ किलोमीटर बाजूची असते. १० मीटरला एक पिक्सेल, म्हणजे १०९८० × १०९८०, एकूण १२,०५,६०,४०० पिक्सेल. डिस्कवरचा आकार इथे विसरायचा. तो दाबलेल्या फाइलचा आकार आहे आणि उलगडलेलं चित्र मेमरीत पूर्ण आकाराचंच असतं. आरजीबी ८ बिट म्हणजे ३४५ एमबी. अल्फा (पारदर्शकता) धरून आरजीबीए ४६० एमबी. मिपमॅपची (त्याच चित्राच्या निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या प्रतींची) पूर्ण उतरंड जोडली की एक-तृतीयांश वाढ, म्हणजे ६१३ एमबी. बहुतेक कार्डं तीन बाइटचा पिक्सेल आत चार बाइटचाच करून ठेवतात, त्यामुळे आरजीबी मागून कार्डावर काही वाचत नाही.

६१३ एमबी ४ जीबीच्या कार्डाला जड नाहीत. खरी गंमत त्याआधी, साध्या रॅममध्ये होते. ओपनजेपेग प्रत्येक रंगाची प्रत ३२ बिटी पूर्णांकांच्या वेगळ्या ॲरेमध्ये देतं. मूळ रंग ८ बिटी असला तरी पिक्सेलमागे ४ बाइट, आणि तीन रंगांचे १२. म्हणजे ४६० एमबीचे तीन सलग तुकडे, एकूण १३८० एमबी. तुम्ही आधी सगळी फाइल बफरमध्ये वाचत असाल तर तिचे १२०. मग तुमचा कोड त्यातून आरजीबीए बनवतो, त्याचे ४६०. इथवर बेरीज १९६० एमबी झाली. त्यानंतर टेक्स-इमेज-२डी बोलावलं की ड्रायव्हर कार्डाकडे पाठवण्याआधी स्वतःची एक प्रत बहुधा करतोच, आणखी ४६०. चित्र उलटं दिसतं म्हणून वर-खाली फिरवलेली प्रत नव्या बफरमध्ये केली असेल तर अजून ४६०.

विंडोजवर ३२ बिटी प्रोसेसला साधारणपणे २ जीबी, म्हणजे २०४८ एमबी पत्ते मिळतात. त्यातूनच प्रोग्रॅमचा कोड, डीएलएल, स्टॅक सगळं भागवायचं. १९६० हा आकडा नेमका सीमारेषेवर आहे. शिवाय नुसती एकूण जागा पुरत नाही, ४६० एमबीचा सलग मोकळा पट्टा लागतो, आणि डीएलएल मधेमधे बसल्यामुळे तो कधी मिळतो, कधी नाही. म्हणूनच तुमचं लक्षण दर वेळी बदलतं. उलगडतानाच जागा संपली तर एक प्रकार, तिथून निसटून ड्रायव्हरच्या प्रतीपाशी अडलं तर दुसरा. कार्डावर दोन-तीन जीबी मोकळे असतानाही ड्रायव्हर १२८५ देतो तो यामुळे. त्याची प्रत तुमच्याच प्रोसेसच्या पत्त्यांत बनते आणि तिथे जागा नसते.

तपासणं सोपं आहे. पॉइंटरचा आकार छापून बघा. ४ आला तर ३२ बिटी बिल्ड आहे. टास्क मॅनेजरच्या तपशिलात प्लॅटफॉर्मचा रकाना चालू केला तरी कळतं. ६४ बिटी बिल्ड करा, अर्धा त्रास तिथेच जाईल. लार्ज-ॲड्रेस-अवेअर हा लिंकरचा पर्याय ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटी प्रोसेसला ४ जीबीपर्यंत नेतो, पण ती तात्पुरती मलमपट्टी आहे. एखादी जुनी डीएलएल ३२ बिटीच मिळत असेल तरच त्या वाटेला जा.

लिनक्सवर हेच वेगळ्या रूपात दिसतं. तिथे मॅलॉक (मेमरी मागण्याचं फंक्शन) सहसा ‘नाही’ म्हणत नाही. पानं प्रत्यक्ष लिहायला घेतल्यावर रॅम संपते आणि कर्नल प्रोसेस मारून टाकतो. प्रोग्रॅम कसलाही संदेश न देता गायब झाला आणि शेलने १३७ दिलं, तर डीमेसेज उघडून पाहा.

काळा चौकोन

याची कारणं मुख्यतः तीन, आणि तिन्ही वेगळी ओळखता येतात.

पहिलं सगळ्यात फसवं. उलगडणं फसलं, लायब्ररीने नल पॉइंटर दिला, तुम्ही तो न तपासता टेक्स-इमेज-२डीला दिला. ओपनजीएलच्या दृष्टीने ही चूक नाहीच. नल देणं म्हणजे ‘जागा तेवढी राखून ठेव, मजकूर नंतर देतो’ असं सांगणं. टेक्स्चर तयार होतं, एरर शून्य, मजकूर अनिश्चित, बहुधा काळा. मेमरीची चूक रॅममध्ये झाली आणि दिसली पडद्यावर, मधे कोणीच ओरडलं नाही. त्यामुळे चित्र वाचणाऱ्या प्रत्येक कॉलनंतर पॉइंटर आणि रुंदी-उंची तपासा, आणि लायब्ररी कारण सांगत असेल तर ते लॉगमध्ये लिहा.

लायब्ऱ्यांच्या स्वतःच्या मर्यादाही याच दारावर उभ्या असतात. क्यूटी ६ एका चित्राला मुळात फार तर २५६ एमबीच देतं. आपलं ४६० एमबीचं चित्र ते परत पाठवतं आणि हातात रिकामं क्यूइमेज येतं. हीच फाइल क्यूटी ५ मध्ये उघडत होती, म्हणून लोक कार्डाला दोष देत बसतात. ॲलोकेशन लिमिट वाढवली की झालं. पायथनचं पिलो ८,९४,७८,४८५ पिक्सेलच्या वर इशारा देतं आणि त्याच्या दुपटीवर थांबतं, म्हणजे आपल्या टाइलवर फक्त इशारा येईल. आणि डॉटनेटच्या सिस्टिम-ड्रॉइंगची तर वेगळीच तऱ्हा आहे. फाइल खराब असली किंवा तिचा प्रकार ओळखता आला नाही, तरी ते ‘आउट ऑफ मेमरी’ हाच एक्सेप्शन फेकतं. तिथे मेमरीचा काडीइतका संबंध नसतो.

दुसरं कारण: मिपमॅप नाहीत. टेक्स्चरचा लहान करण्याचा मूळ फिल्टर मिपमॅप वापरणारा असतो. मिपमॅप तयार केले नाहीत तर टेक्स्चर अपूर्ण ठरतं आणि काळं दिसतं. फिल्टर ‘लिनिअर’ करून पाहा. चित्र दिसलं तर प्रश्न मेमरीचा नव्हताच.

तिसरं: रुंदी किंवा उंची कार्डाच्या मर्यादेबाहेर. तेव्हा १२८१ येते, पण कोणी विचारलीच नाही तर कळणार कशी? मॅक्स-टेक्स्चर-साइझ विचारून घ्या. ओपनजीएल ४.१ पासून किमान १६३८४ बंधनकारक आहे, ओपनजीएल ईएस ३.० मध्ये मात्र फक्त २०४८. १०९८० पिक्सेल ८१९२ च्या मर्यादेत बसत नाहीत, १६३८४ च्या बसतात. शेजारच्या दोन टाइल जोडल्या की, मधला सुमारे १० किलोमीटरचा सामाईक भाग वजा करूनही, रुंदी २०९८० होते आणि १६३८४ च्या पलीकडे जाते. मात्र ही मर्यादा लांबी-रुंदीची आहे, वजनाची नाही. १६३८४ × १६३८४ चं ३२ बिटी फ्लोट आरजीबीए ४ जीबीचं होतं. मर्यादा ‘चालेल’ म्हणते, कार्ड म्हणत नाही. म्हणून मोठ्या मागणीआधी प्रॉक्सी टेक्स्चरवर (फक्त विचारण्यापुरतं, जागा न घेणारं) तोच कॉल करा आणि त्याची रुंदी विचारा. शून्य आली तर तो आकार आणि फॉरमॅट चालणार नाही. प्रॉक्सीने हो म्हटलं तरी प्रत्यक्ष जागा मिळेलच याची हमी नाही, कारण त्या क्षणी कार्डावर किती मोकळं आहे हे तो बघत नाही.

एरर विचारायची पद्धत

गेट-एरर मागची साठलेली एरर देतं. ती कोणत्या कॉलची हे सांगत नाही. लोड करण्याआधी ते शून्य येईपर्यंत फिरवून जुनी एरर काढून टाका, मग प्रत्येक संशयित कॉलनंतर विचारा. १२८० चुकीचा एनम, १२८१ चुकीचं मूल्य, १२८२ त्या अवस्थेत न चालणारी कृती, १२८५ मेमरी. ओपनजीएल ४.३ पासून डीबग कॉलबॅक आहे. तो लावा आणि ‘सिंक्रोनस’ चालू ठेवा, म्हणजे कॉलबॅकमध्ये ब्रेकपॉइंट लावल्यावर स्टॅकमध्ये दोषी कॉल थेट दिसतो. सिंक्रोनस नसेल तर संदेश दुसऱ्याच थ्रेडवर, दुसऱ्याच वेळी येतो.

१२८५ नंतर ओपनजीएलची अवस्था अनिश्चित असते, असं स्पेसिफिकेशनच सांगतं. त्यामुळे ‘एरर आली तर अर्ध्या आकाराचं करून पुन्हा प्रयत्न’ ही युक्ती माझ्या मते टाळावी. आकाराचा निर्णय मागणी करण्याआधी घ्या. १२८५ आलीच तर काँटेक्स्ट (ओपनजीएलची सगळी अवस्था धरणारी वस्तू) पाडून नवा उभारा.

आणखी एक, ड्रायव्हर आळशी असतो. टेक्स-इमेज-२डी बिनतक्रार परततं, खरी जागा पहिल्या ड्रॉ कॉलला घेतली जाते, आणि एरर तिथे दिसते. ड्रॉच्या कोडमध्ये दिवसभर शोधण्यापेक्षा लोड केल्या केल्या त्या टेक्स्चरने एक-दोन पिक्सेलचा त्रिकोण काढा आणि फिनिश बोलवा. जे व्हायचं ते तिथेच होईल.

ड्रायव्हरच्या डीएलएलमधला क्रॅश

स्टॅकच्या टोकाला ड्रायव्हरची डीएलएल दिसली म्हणजे दोष ड्रायव्हरचा, असा निष्कर्ष घाईचा आहे. बहुतेक वेळा तुम्ही दिलेल्या बफरच्या पुढे त्याला वाचायला लावलेलं असतं.

नेहमीचा गुन्हेगार म्हणजे अनपॅक अलाइनमेंट. तिचं मूळ मूल्य ४ आहे, म्हणजे प्रत्येक ओळ ४ बाइटच्या पटीवर सुरू होते असं ड्रायव्हर धरून चालतो. १०९८० रुंदीची आरजीबी ओळ ३२९४० बाइटची, तिला ४ ने भाग जातो, सगळं सुरळीत. आता तेच चित्र निम्म्या आकाराने उलगडा: ५४९० रुंदी, ओळ १६४७० बाइटची. ४ ने भाग जात नाही. ड्रायव्हर ओळीमागे १६४७२ बाइट पुढे सरकतो, दर ओळीला २ बाइटची चूक, आणि शेवटच्या ओळीपर्यंत तो तुमच्या बफरच्या १०,९७८ बाइट पुढे गेलेला असतो. तिथे योगायोगाने वापरातलं पान असेल तर चित्र नुसतं तिरकं दिसतं. नसेल तर क्रॅश. ‘मोठं चित्र चालतं, लहान केलं की पडतं’ हे कोडं इथे सुटतं. पिक्सेल-स्टोअर-आयने अलाइनमेंट १ करा, किंवा सरळ चार बाइटचे पिक्सेल द्या.

दुसरा प्रकार ढोबळ: डेटा आरजीबी आणि कॉलमध्ये लिहिलं आरजीबीए. मग ड्रायव्हर ३४५ ऐवजी ४६० एमबी वाचायला निघतो, ११५ एमबी हद्दीबाहेर. लहान चित्रात ही चूक पचून जाऊ शकते, इतक्या मोठ्यात क्वचितच.

तिसरा: अनपॅक-रो-लेंथ कोणीतरी, बहुधा तुमच्याच प्रोग्रॅममधल्या अक्षरं काढणाऱ्या भागाने, बदलून तशीच सोडलेली असते. चौथा: पिक्सेल अनपॅक बफर बांधलेला राहिला. तो बांधलेला असताना तुमचा पॉइंटर पत्ता राहत नाही, त्या बफरमधलं अंतर होतो. मग १२८२ येते आणि माणूस पॉइंटरकडे बघत बसतो, जो तसा बरोबरच असतो.

अपलोडच्या आधी एक तपासणी कायमची घालून ठेवा. ओळीचे बाइट अलाइनमेंटच्या पटीत वर नेऊन जी पायरी येते, तिला ‘उंची वजा १’ ने गुणा, त्यात शेवटच्या ओळीचे खरे बाइट मिळवा. उत्तर बफरच्या आकारापेक्षा मोठं असेल तर तिथेच थांबा.

गुणाकारही जपून करा. रुंदी, उंची आणि पिक्सेलचे बाइट हे तिन्ही साधे इंट असतील तर गुणाकार ३२ बिटांतच होतो आणि मग साइझ-टीमध्ये (मेमरीचे आकार ठेवण्याचा प्रकार) जातो. उशीर झालेला असतो. एका टाइलचं ३२ बिटी फ्लोट आरजीबीए १९३ कोटी बाइटचं, ते २१४ कोटींच्या मर्यादेत कसंबसं बसतं. मिपमॅपसकट २५७ कोटी, ते बसत नाही. दोन टाइल जोडलेल्या फ्लोट चित्राचे ३६९ कोटी बाइट साइन्ड इंटमध्ये बहुधा उणे ६०,९२,००,८९६ होतात, आणि ते साइझ-टीमध्ये गेल्यावर इतकी अचाट मागणी होते की बॅड-अलॉक (जागा न मिळाल्याचं एक्सेप्शन) येणारच. हा त्यातल्या त्यात बरा शेवट. ३२७६८ × ३२७६८ × ४ अनसाइन्ड ३२ बिटांत बरोबर शून्य होतं. मॅलॉक शून्य बाइट आनंदाने देतो आणि पुढचं लिखाण हीप उद्ध्वस्त करतं. पहिल्याच आकड्याला साइझ-टी करा, बाकीचे आपोआप त्याच्यामागे जातात.

आता उपाय: पूर्ण चित्र एकदम मेमरीत आणायचंच नाही

१९२० × १०८० च्या पडद्यावर २०.७ लाख पिक्सेल असतात. टाइलमध्ये त्याच्या ५८ पट. पूर्ण टाइल पडद्यावर मावेल अशी दाखवायची तर बहुतेक पिक्सेल उलगडून फेकूनच द्यायचे आहेत. जेपेग-२००० च्या रचनेतच निरनिराळ्या आकारांच्या पायऱ्या असतात. ओपनजेपेगला रिझोल्यूशन कमी करण्याचा घटक ३ दिला तर ते १३७३ × १३७३ चं चित्र देतं, आणि रंगांचे तिन्ही ॲरे मिळून २२ एमबीच्या आत राहतात. जवळून पाहायचं असेल तेव्हा फक्त दिसणारा आयत मागा, डीकोड-एरिया त्यासाठीच आहे. जीडाल (नकाशांच्या फाइल वाचणारी लायब्ररी) वापरत असाल तर रास्टर-आयओला खिडकी आणि हवा तो आकार द्या, तेच काम होतं. मात्र त्याची ब्लॉक कॅश मूळ स्थितीत एकूण रॅमच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढते, ती हिशेबात धरा. नाहीतर तिलाच गळती समजाल.

पूर्ण आकाराचं टेक्स्चर हवंच असेल तर पट्ट्यांनी चढवा. आधी टेक्स-स्टोरेज-२डीने सगळ्या मिपमॅपांसकट जागा एकदाच घ्या. टेक्स-इमेज-२डीने एकेक पातळी वाढवत नेली की ड्रायव्हरला मधेच सगळं हलवावं लागू शकतं, आणि तेवढ्या क्षणापुरती दुप्पट जागा लागते. मग ५१२ ओळींची एक पट्टी: ४३,९२० बाइटच्या ५१२ ओळी, साडेएकवीस एमबी. त्या टेक्स-सब-इमेज-२डीने पाठवा. एकूण २२ पट्ट्या, आणि शेवटची फक्त २२८ ओळींची. तिथेही ५१२ लिहिलं की १२८१. ही चूक इतकी सर्रास होते की पट्टीची उंची नेहमी ‘उरलेल्या ओळी आणि ५१२ यांत लहान ती’ अशीच काढावी.

पट्ट्या पाठवायला पिक्सेल अनपॅक बफर दोन किंवा तीन पुरेत. एक भरायचा, एक जाऊ द्यायचा. पुन्हा वापरण्याआधी फेन्सवर (कार्डाचं काम संपल्याची खूण) थांबा. न थांबता दर वेळी बफर-डेटाने नवा मागत गेलात तर ड्रायव्हर जुने कार्डाचं काम संपेपर्यंत धरून ठेवतो, आणि २२ पट्ट्या मिळून पुन्हा ४६० एमबी रॅममध्ये उभे राहतात. वाचवायला गेलो तेच परत.

पीएनजीसाठी लिबपीएनजीने ओळ-ओळ वाचता येतं, फक्त इंटरलेस केलेली फाइल असली तर नाही. जेपेगला लिब-जेपेग-टर्बो उलगडतानाच अर्धा, पाव, अष्टमांश करून देतं. प्रोग्रेसिव्ह जेपेग मात्र आतल्या आत सगळे गुणांक साठवतं, तिथे ओळ-ओळ वाचूनही बचत होत नाही.

फॉरमॅट हा दुसरा मोठा खड्डा. एकाच बँडचा डेटा, समजा उंचीचा किंवा इन्फ्रारेडचा, आरजीबीए फ्लोटमध्ये भरलेला सर्रास दिसतो: १८४० एमबी. तोच १६ बिटी एका चॅनलमध्ये २३० एमबी. शेडरला (कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) तिन्ही रंगांत तेच मूल्य हवं असेल तर स्विझल (कोणता चॅनल कुठे वाचायचा याची नेमणूक) लावा, डेटा तिप्पट करू नका.

नुसतं डोळ्यांनी बघायचं चित्र असेल तर दाबलेलं टेक्स्चर वापरा, कारण ते कार्डावरही दाबलेलंच राहतं. बीसी१ या दाबण्याच्या फॉरमॅटमध्ये पिक्सेलला अर्धा बाइट, टाइल साडेसत्तावन्न एमबीत. बीसी७ एक बाइट, ११५ एमबी. हिरव्या-तपकिरी जमिनीच्या सावकाश बदलणाऱ्या छटांवर बीसी१ चे पट्टे डोळ्यांना खुपतात, मी बीसी७ च निवडेन. मोबाइलवर एएसटीसी ६×६ घेतलं तर १०९८० ला ६ ने पूर्ण भाग जातो आणि टाइल ५१ एमबीत मावते. आकार काढताना मात्र ब्लॉक मोजा, पिक्सेल नव्हे. ५४९० ला ४ ने भाग जात नाही, ब्लॉक १३७३ होतात. रुंदी गुणिले उंची भागिले दोन असं लिहिलं की पहिल्याच मिपमॅपला १२८१. दाबण्याचं काम आधीच करून केटीएक्स २ (दाबलेल्या टेक्स्चरसाठीची) फाइल ठेवा. ड्रायव्हरला चालत्या प्रोग्रॅममध्ये दाबायला सांगितलं तर आधी पूर्ण डेटा मेमरीत हवाच, वर वेळ जातो तो वेगळाच. आणि ज्या बँडांवरून पिकांचा निर्देशांक काढायचा आहे, त्यांना या दाबण्याच्या वाटेला लावू नका. आकडे बदलतात.

कार्ड खरंच भरलं असेल तर

तसंही होतं. ४ जीबीतला काही भाग डेस्कटॉप आणि ब्राउझर आधीच घेऊन बसलेले असतात. विंडोजवर कार्ड भरलं तरी लगेच एरर येत नाही. काही टेक्स्चर साध्या रॅममध्ये हलवली जातात आणि चित्र अडखळायला लागतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड’ शिगोशीग आणि ‘शेअर्ड’ चढत असेल तर तेच चाललंय. एनव्हिडियाच्या कार्डावर एनव्हीएक्स मेमरी-इन्फो एक्स्टेन्शन मोकळी जागा केबीमध्ये सांगतं, एएमडीसाठी एटीआय मेम-इन्फो आहे. लॅपटॉपवर रेंडररचं नाव एकदा छापून बघा. प्रोग्रॅम मोठ्या कार्डाऐवजी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालत असण्याची शक्यता बरीच असते. ‘जीडीआय जेनेरिक’ दिसलं तर ड्रायव्हरच बसलेला नाही, तुम्ही ओपनजीएल १.१ वर आहात.

गळती शोधायला एकच फाइल ५० वेळा लोड करा आणि काढून टाका, दर फेरीनंतर फिनिश आणि बफर-अदलाबदल करा. दोन-तीन फेऱ्यांनंतर आकडा स्थिर झाला तर गळती नाही. दर फेरीला सहाशेच्या आसपास एमबी चढत असतील तर डिलीट-टेक्स्चर्स पोचतच नाही. बहुधा तो कॉल ज्या थ्रेडवर काँटेक्स्ट चालू नाही तिथून होतोय, किंवा नवा आयडी जुन्यावर लिहिला जातोय. उलटा प्रकारही असतो. टेक्स्चरचा क्लास कॉपी होतो, एक प्रत मरताना आयडी मोडते, ओपनजीएल तोच आयडी दुसऱ्या टेक्स्चरला देतं, मग दुसरी प्रत मरताना त्या निष्पाप टेक्स्चरचा बळी जातो. कॉपी बंद करा, फक्त मूव्ह ठेवा.

व्हल्कनवर (ओपनजीएलनंतरचा ग्राफिक्स इंटरफेस) निदान हे भेद स्पष्ट असतात: उणे १ म्हणजे रॅम, उणे २ म्हणजे कार्ड. तिथली ठरलेली चूक वेगळी आहे. कार्डावरची पण सीपीयूला दिसणारी मेमरी, रिसायझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी दिसू देणारी सोय) नसेल तर, २५६ एमबीचीच असते. ४६० एमबीचा स्टेजिंग बफर तिथे मागितला की उणे २, आणि बाकी कार्ड रिकामं. स्टेजिंग साध्या रॅममधल्या हीपवर ठेवा, पट्ट्यांनी पाठवा. डायरेक्टथ्रीडी ११ मध्ये एका रिसोर्सची हमी कार्डाच्या मेमरीच्या पाव हिश्शाची आहे, किमान १२८ आणि कमाल २०४८ एमबी. ४ जीबीच्या कार्डावर १ जीबी. १८४० एमबीचं फ्लोट टेक्स्चर तिथे नाकारलं गेलं तर तक्रारीला जागा नाही.

सगळा महाराष्ट्र

राज्य पूर्व-पश्चिम सुमारे ८०० आणि उत्तर-दक्षिण सुमारे ७२० किलोमीटर. १० मीटरने ८०,००० × ७२,००० पिक्सेल, ५७६ कोटी, आरजीबीएमध्ये साधारण २१.५ जीबी. ३२७६८ ची मर्यादा असलेल्या कार्डातही ही रुंदी बसत नाही. इथे फरशा (चित्राचे छोटे चौकोनी तुकडे) पाडण्याला पर्याय नाही. ५१२ × ५१२ ची एक फरशी आरजीबीएमध्ये बरोबर १ एमबी. २५६ थरांचं एक टेक्स्चर ॲरे सुरुवातीलाच घ्या (ओपनजीएल ३.३ मध्ये किमान २५६ थर मिळतातच), आणि प्रोग्रॅम चालू असेपर्यंत त्यातच फरशा अदलाबदल करा. सर्वांत जुनी न वापरलेली बाहेर, नवी आत. १९२० × १०८० च्या पडद्याला एका वेळी २० फरशा लागतात, दोन पातळ्यांच्या मधल्या झूमला ५४ पर्यंत. म्हणजे २५६ एमबीत मागचं-पुढचंही राहतं, आणि चालता चालता नवी मागणीच नसल्याने १२८५ यायचं कारण उरत नाही. फरशीच्या कडेला शेजारच्या फरशीतला एक पिक्सेल घेऊन ठेवा, नाहीतर फिल्टरमुळे सांधे दिसतात. म्हणजे उपयोगाचे ५१० पिक्सेल, पत्ते काढताना तोच आकडा घ्या.

स्पार्स टेक्स्चर हे एक्स्टेन्शन हेच काम हार्डवेअरवर सोपवतं, पण सगळीकडे मिळत नाही आणि पानांचा आकार कार्डागणिक बदलतो. तुमच्या कामाला ॲरे पुरेल.

फरशा पाडण्याआधी मात्र प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची रीत) बघा. सेंटिनेलच्या टाइल ज्या यूटीएम प्रोजेक्शनमध्ये येतात, त्याचे ४३ आणि ४४ हे पट्टे ७८ अंश पूर्व रेखांशावर जुळतात. अमरावती ४३ मध्ये पडते, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. दोन्हीकडच्या टाइल एकाच जाळीत तशाच ठेवल्या तर विदर्भात सांधा जुळणार नाही, आणि मेमरीशी काही संबंध नसताना तुम्ही पुन्हा अपलोडचा कोड तपासत बसाल. जीडालने आधी सगळ्या टाइल एका प्रोजेक्शनमध्ये आणा, मग ५१० च्या पावलाने कापा.